लिहून झाले, पण शिकलो का?

प्रश्न : मी सोलापूरच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी आम्हाला सी भाषा टर्बो सीवर शिकवली होती. या सुट्टीत मी लिनक्स बसवले आणि सीच्या स्टँडर्ड लायब्ररीतील २२ फंक्शन्स १६ दिवसांत स्वतः लिहून काढली : स्ट्रलेन, स्ट्रकॉपी, स्ट्रकंप, स्ट्रएनकंप, मेमकॉपी, एटुआय वगैरे. सगळी चालतात. मूळ फंक्शनला नल पॉइंटर दिला तर प्रोग्रॅम कोसळतो, म्हणून माझ्या प्रत्येक फंक्शनमध्ये मी नलची तपासणीही घातली आहे. पुण्यात नोकरी करणारा माझा मामेभाऊ मात्र म्हणतो, की हा द्राविडी प्राणायाम आहे, जे आयते मिळते ते लिहून काय साधणार? खरे स्ट्रलेन कसे आहे ते पाहावे म्हणून ग्नू लायब्ररीची फाइल उघडली, तर काहीच कळले नाही. माझे फंक्शन पाच ओळींचे आणि त्यांचे पानभर. मग मी नेमके काय शिकलो? पुढे मॅलॉक आणि प्रिंटएफ लिहावे का? आणि हे बायोडेटात घालावे का?
— तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, सोलापूर

स. न. वि. वि.

तुमच्या मामेभावाचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि ते अर्धे आधी मान्य करून टाकू. जगाला स्ट्रिंगची, म्हणजे मजकुराची, लांबी मोजणाऱ्या आणखी एका स्ट्रलेनची गरज नाही. नोकरीत कोणी स्वतःचे स्ट्रलेन लिहून सोपवले, तर मीही ते परत पाठवीन. परंतु तुम्ही ते जगासाठी लिहिलेले नाही. पॅरिसमध्ये २०१३ साली सुरू झालेल्या '४२' नावाच्या प्रोग्रॅमिंगच्या शाळेत प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला पहिले काम दिले जाते ते हेच, म्हणजे सीच्या लायब्ररीतील निवडक फंक्शन्स स्वतः लिहून आपली एक छोटी लायब्ररी तयार करण्याचे. पुढच्या प्रकल्पांत तीच लायब्ररी वापरायची असते, त्यामुळे तिच्यातील चूक कधी ना कधी लिहिणाऱ्याच्याच अंगाशी येते. व्यायाम प्रतिष्ठित आहे, एवढाच याचा अर्थ. तो तुमच्याकडून नीट झाला का, हा प्रश्न वेगळा आहे, आणि तुमचे पत्र वाचून मला वाटते की तो निम्माच झाला आहे.

तुम्ही २२ लूप लिहिले. लूप हा या कामातला सर्वांत सोपा भाग असतो. लायब्ररीतले प्रत्येक फंक्शन हा त्याला बोलावणारा आणि ते लिहिणारा यांच्यातला एक करार आहे. बोलावणाऱ्याने काय द्यायचे, लिहिणाऱ्याने काय परत करायचे, कोणत्या परिस्थितीत कोणाची जबाबदारी संपते आणि कोणत्या परिस्थितीत कोणीच कशाची हमी देत नाही, हे सगळे भाषेच्या प्रमाणग्रंथात आणि लिनक्सच्या मॅन पानांच्या तिसऱ्या विभागात लिहून ठेवलेले आहे. तुम्ही फंक्शनचे नाव वाचले, त्याचा सर्वसाधारण अर्थ आठवला आणि लिहायला बसलात. करार वाचलाच नाही. म्हणूनच २२ फंक्शन्स १६ दिवसांत झाली, आणि म्हणूनच काही शिकल्यासारखे वाटत नाही.

तुम्हाला ज्याचा अभिमान वाटतो, त्या नलच्या तपासणीपासूनच सुरुवात करू. स्ट्रलेनला नल दिल्यावर तुम्ही शून्य परत करता. करारात मात्र बोलावणाऱ्याने शून्य बाइटने संपणाऱ्या स्ट्रिंगचा पत्ता द्यायचा आहे, आणि नल हा कोणत्याच स्ट्रिंगचा पत्ता नव्हे. मूळ फंक्शन तिथे कोसळते, याचा अर्थ चूक जिथे झाली तिथेच ओरडते. तुमचे फंक्शन 'लांबी शून्य' असे शांतपणे सांगून पुढे जाते, आणि ज्या फाइलचे नाव वाचायचे राहून गेले होते तिचे नाव रिकामे आहे असे समजून प्रोग्रॅम आणखी दोन हजार ओळी चालतो आणि मग कुठेतरी भलत्याच ठिकाणी पडतो. दुखणे एकीकडे आणि कळ दुसरीकडे, अशी ती अवस्था होते. स्वतःच्या प्रकल्पात नल स्वीकारणारे फंक्शन लिहायला हरकत नाही, पण ते वेगळ्या नावाचे आणि वेगळ्या कराराचे फंक्शन असेल. मूळ फंक्शन हुबेहूब लिहितो आहोत असे म्हणायचे असेल, तर त्याने जे करायचे नाकारले आहे तेही हुबेहूब नाकारावे लागते.

आता स्ट्रकंप घ्या. माझ्या मते या साऱ्या यादीत मराठी माणसाला सर्वांत जास्त शिकवणारे फंक्शन हेच आहे. दोन स्ट्रिंगांमधला पहिला वेगळा बाइट शोधायचा आणि त्या दोघांची वजाबाकी परत करायची, असे तुम्ही केले असणार, आणि इंग्रजी शब्दांवर ते बिनचूक चालले असणार. पण करार म्हणतो की ती तुलना बाइट चिन्हरहित, म्हणजे ० ते २५५ यांमधला, मानून करायची. इंटेलच्या प्रोसेसरवर लिनक्समध्ये एक बाइट साठवणारा साधा 'कॅर' हा चिन्हासहित असतो, म्हणजे −१२८ ते १२७. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यातला पहिला बाइट नेहमी २२४ असतो. हा २२४ चिन्हासहित कॅरमध्ये वाचला की −३२ होतो. म्हणजे मूळ स्ट्रकंप 'अ' ला इंग्रजी छोट्या 'ए' च्या, म्हणजे ९७ च्या, नंतर लावते आणि तुमचे बहुधा आधी लावेल. शिवाय लिनक्सवर चालणाऱ्या एआरएम यंत्रांवर, उदाहरणार्थ रास्पबेरी पायवर, साधा कॅर चिन्हरहित असतो, त्यामुळे तुमचाच प्रोग्रॅम तिथे नेमके उलट उत्तर देईल. एकच सोर्स, दोन यंत्रे, दोन उत्तरे. तुमच्या चाचण्यांत एकही मराठी शब्द नव्हता, म्हणून हे तुम्हाला दिसले नाही.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. १९९५ च्या सुमारास मी जिथे नोकरी करत होतो तिथे पावत्या छापणारे एक यंत्र तयार होत होते. त्या काळी देवनागरीसाठी १९९१ चे भारतीय प्रमाण, ज्याला इस्की म्हणत, वापरले जाई, आणि त्यातही देवनागरीची अक्षरे १२७ च्या वरच्या बाइटांत असत. नावाची इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत करण्यासाठी मी प्रत्येक बाइट डोळे मिटून टूअपरकडे पाठवत होतो. टूअपर आणि इझअल्फा या कुळातल्या फंक्शन्सचा करार असा आहे की त्यांना ० ते २५५ यांमधली किंवा ईओएफ (फाइल संपल्याची खूण) ही विशेष किंमतच द्यायची. आमच्या कंपायलरमध्ये ती फंक्शन्स एका तक्त्यातून उत्तर काढत, आणि मी ऋण संख्या दिली की तक्त्याच्या आधीच्या मेमरीत जे काही असेल ते उत्तर म्हणून येई. काही ग्राहकांच्या नावांतली अक्षरे पावतीवर बदलून येऊ लागली, तीही सगळ्यांची नव्हे. चार दिवस आम्ही छपाईच्या फॉन्टला दोष देत बसलो होतो. दुरुस्ती शेवटी एका शब्दाची निघाली, बाइट पाठवण्यापूर्वी तो चिन्हरहित करण्याची.

स्ट्रलेनलाही मराठी शब्द देऊन पाहा. 'मराठी' या शब्दाची लांबी ते १५ सांगेल. आपल्या कानाला अक्षरे तीन आहेत, काना आणि वेलांटी वेगळी धरली तर युनिकोडची चिन्हे पाच आहेत, आणि प्रत्येकी तीन याप्रमाणे बाइट १५ आहेत. स्ट्रलेन चुकत नाही, कारण त्याने अक्षरे मोजण्याचे वचन कधी दिलेलेच नव्हते. शून्य बाइटच्या आधीचे बाइट मोजण्याचेच त्याचे वचन आहे. टर्बो सीमध्ये तुम्ही वापरलेले स्ट्ररेव्ह, जे प्रमाणित सीमध्ये नाहीच, याच शब्दावर चालवलेत तर बाइट उलटे होऊन चौकोन आणि प्रश्नचिन्हे मिळतील.

यानंतर बाइटांची नक्कल करणारे मेमकॉपी. तुमच्या यादीत ते आहे पण मेममूव्ह नाही, आणि ही जोडी तोडून लिहिण्यात अर्थ नाही. पाच घरांत १, २, ३, ४, ५ हे आकडे आहेत आणि ते सगळे एक घर उजवीकडे सरकवायचे आहेत असे समजा. डावीकडून उजवीकडे नक्कल करत गेलात तर पहिल्या घरातला १ दुसऱ्यात जातो, मग दुसऱ्यातला, जो आता १ च आहे, तिसऱ्यात जातो, आणि शेवटी सगळीकडे १ च उरतो. उजव्या टोकाकडून सुरुवात केली तर सगळे सुखरूप सरकते. डावीकडे सरकवताना याच्या उलट करावे लागते. मेममूव्हचा करार म्हणतो की जणू सारे बाइट आधी एका तात्पुरत्या जागेत उतरवून मग इच्छित स्थळी ठेवले आहेत असाच परिणाम झाला पाहिजे. हे वाचून काही विद्यार्थी खरोखरच मॅलॉकने तात्पुरती जागा मागतात. मग मॅलॉक अपयशी ठरले तर काय करायचे? मेममूव्हला अपयश कळवण्याची वाटच ठेवलेली नाही, म्हणून त्याला अपयशी होण्याची मुभाही नाही. कराराचे एक वाक्य तुमची रचना कशी ठरवते, याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

मेमकॉपीचा करार मात्र सांगतो की दोन्ही जागा एकमेकींवर येत असतील तर परिणामाची कोणतीही हमी नाही. सुरुवातीपासून नक्कल करणारे मेमकॉपी अशा वेळीही बऱ्याचदा योग्य उत्तर देते, म्हणून लोक निर्धास्त राहतात. २०१० साली फेडोरा १४ या लिनक्समध्ये ग्नू लायब्ररीचे नवे मेमकॉपी आले, आणि काही इंटेल प्रोसेसरांवर ते वेगासाठी शेवटाकडून नक्कल करू लागले. त्याबरोबर फ्लॅश प्लेअरच्या ६४ बिटी आवृत्तीतून येणारा आवाज फाटू लागला, कारण तो प्रोग्रॅम एकमेकींवर येणाऱ्या जागा मेमकॉपीला देत होता आणि आजवर ते खपून गेले होते. दोष कुठे आहे हे शोधणाऱ्यांत लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स स्वतः होते. त्यांचे म्हणणे असे की वापरणाऱ्याचे कालपर्यंत चालणारे काम लायब्ररीने बंद पाडू नये, तर लायब्ररी सांभाळणाऱ्यांचे म्हणणे असे की करार पहिल्यापासून स्पष्ट होता. शेवटी तोडगा असा निघाला की आधी तयार झालेल्या प्रोग्रॅमांना जुन्या, सुरक्षित वागणुकीचे मेमकॉपी मिळावे आणि नव्याने तयार होणाऱ्यांना नवे. कोण बरोबर होते यावर आजही दोन मते आहेत. माझे मत लायब्ररीच्या बाजूने आहे, पण आवाज फाटलेल्या माणसाला करार वाचून दाखवण्यात काही अर्थ नसतो हेही मला मान्य आहे.

स्ट्रएनकॉपीबद्दल थोडक्यात सांगतो. नाव पाहून ते सुरक्षित स्ट्रकॉपी वाटते, पण तसे ते नाही. मूळ स्ट्रिंग दिलेल्या मर्यादेत मावली नाही तर ते शेवटचा शून्य घालतच नाही, आणि ती छोटी असेल तर उरलेली सगळी जागा शून्यांनी भरत बसते. हे वागणे विचित्र वाटते, कारण ते स्ट्रिंगांसाठी नव्हतेच. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतल्या नोंदीत फाइलच्या नावाला नेमके १४ बाइट असत, आणि अशा ठरावीक रुंदीच्या चौकटी भरण्यासाठी ते योग्य आहे. १९९८ साली ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने स्ट्रएलकॉपी आणले. ते शून्य घालतेच आणि शिवाय मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत करते, त्यामुळे काही कापले गेले का हे बोलावणाऱ्याला कळते. दोन्ही लिहा, आणि एकाच्या जागी दुसरे वापरून काय बिघडते ते पाहा. ग्नू लायब्ररीत स्ट्रएलकॉपी यायला २०२३ उजाडले, इतका त्यावर वाद होता.

मजकुरातून संख्या काढणाऱ्या एटुआयबाबत तुम्ही '२१४७४८३६४७' पर्यंतच्या संख्या तपासल्या असतील. '−२१४७४८३६४८' ही संख्या इंग्रजी अंकांत देऊन पाहा. आधी धन संख्या साठवून शेवटी ऋण चिन्ह लावण्याची जी सरधोपट पद्धत आहे, तिच्यात वाटेतच २१४७४८३६४८ ही संख्या तयार होते आणि ती ३२ बिटी इंटमध्ये मावत नाही. उपाय गमतीदार आहे. बेरीज ऋण बाजूनेच करत न्यायची आणि धन हवे असेल तर शेवटी चिन्ह पालटायचे, कारण ऋण बाजूला एक घर जास्त असते. टर्बो सीमध्ये तर इंट १६ बिटीच होता आणि '४००००' चे उत्तर −२५५३६ येई. पण एटुआयचा खरा दोष त्याच्या करारातच आहे. संख्या मावली नाही तर काय होईल याची हमी नाही, आणि ज्यात संख्या नाहीच अशा मजकुरालाही उत्तर शून्य येते. 'पुणे' लाही शून्य, '०' लाही शून्य, आणि हो, देवनागरी अंकांत लिहिलेल्या '१२३' लाही शून्य. म्हणून एटुआय लिहून झाल्यावर थांबू नका, स्ट्रटोल लिहा. वाचन कुठे थांबले तो पत्ता परत करणे, मर्यादा ओलांडल्यास सर्वांत मोठी किंवा सर्वांत लहान किंमत देऊन 'एररनो' मध्ये तशी नोंद करणे, पाया १६ असताना पुढचे 'शून्य एक्स' ओळखणे, यात एक पूर्ण आठवडा जाईल, आणि तो २२ लूपांच्या १६ दिवसांपेक्षा जास्त देऊन जाईल.

आता त्या पानभर स्ट्रलेनविषयी. ते समजले नाही यात तुमचा कमीपणा नाही. तुमचे फंक्शन एकेक बाइट पाहते, तर ते ६४ बिटी यंत्रावर एकदम आठ बाइट उचलते आणि त्या आठांत कुठे शून्य आहे का हे लूप न चालवता ठरवते. युक्ती अशी की आठही बाइटांतून एकेक वजा केला की जो बाइट शून्य होता त्याला उसना घ्यावा लागतो आणि त्याचा सर्वांत वरचा बिट पेटतो. जे बाइट मुळातच १२७ च्या वर होते त्यांच्यामुळे गैरसमज होऊ नये म्हणून मूळ संख्येचे सगळे बिट उलटवून त्यांच्या आधारे ते गाळले जातात. आठ बाइट उचलताना स्ट्रिंगच्या शेवटाच्या पलीकडचे काही बाइटही वाचले जातात, आणि तुम्ही किंवा मी हे केले तर ती चूकच ठरेल. त्यांचे चालते, कारण ते आधी आठच्या पटीतल्या पत्त्यावर येऊन मगच आठांचे गट उचलतात, मेमरीची पाने बहुधा ४०९६ बाइटांची असतात आणि आठच्या पटीतला गट कधीच दोन पानांत विभागला जात नाही. ज्या पानात स्ट्रिंगचा एक बाइट आहे ते पान वाचता येतेच. म्हणजे लायब्ररी लिहिणारा आपल्या यंत्राबद्दल अशा गोष्टी जाणतो ज्या भाषेने आपल्याला गृहीत धरू दिलेल्या नाहीत. तुम्ही वाचलेली तर सीमधली सर्वसाधारण आवृत्ती होती. नव्या इंटेल यंत्रावर प्रत्यक्ष चालते ती बहुधा असेंब्लीत लिहिलेली आणि एका वेळी ३२ बाइट पाहणारी असते. वाचनासाठी ग्नू लायब्ररी आधी उघडू नका. मस्ल नावाची छोटी लायब्ररी घ्या, तिच्यात हीच युक्ती वीसेक ओळींत आहे. आणि हेही स्वतःचे फंक्शन चाचण्यांतून पार पडल्यावरच वाचा, नाहीतर तुम्ही लिहिणार नाही, नक्कल कराल.

कंपायलर तुमच्याशी काही खेळ खेळतो, ते माहीत असलेले बरे. तुमच्या फंक्शनचे नाव 'स्ट्रलेन' च ठेवलेत आणि त्याला थेट लिहिलेली स्ट्रिंग दिलीत, तर जीसीसी बऱ्याचदा उत्तर आधीच काढून ठेवतो आणि तुमचे फंक्शन चालतच नाही. तुम्ही खूश होता की चाचणी उत्तीर्ण झाली. याहून वाईट म्हणजे, शून्ये भरणारा तुमचा साधा लूप ओळखून तो त्या जागी मेमसेटला बोलावतो, आणि तो लूप मेमसेट नावाच्याच फंक्शनमध्ये असेल तर ते स्वतःलाच अखंड बोलावत राहते. मॅलॉक करून लगेच मेमसेट केलेले दिसले की त्यांचे कॅलॉक (शून्यांनी भरलेली जागा देणारे फंक्शन) करून टाकण्याची सवयही त्याला आहे, म्हणून स्वतःच्या कॅलॉकचाही तोच घोटाळा होऊ शकतो. म्हणून फंक्शन्सना स्वतःचा उपसर्ग द्या, 'माझे' असा दिलात तरी चालेल. 'स्ट्र' किंवा 'मेम' ने सुरू होऊन पुढे लहान इंग्रजी अक्षर येणारी नावे प्रमाणग्रंथाने लायब्ररीसाठी राखून ठेवलेली आहेत, हेही कारण आहे. शिवाय कंपायलरला 'नो बिल्टइन' हा पर्याय द्या.

चाचण्यांसाठी तुम्ही पडद्यावर उत्तर छापून डोळ्यांनी पाहता, असे पत्रासोबत जोडलेल्या फाइलवरून दिसते. ते सोडा. मूळ फंक्शन तुमच्याकडे आहेच, तेव्हा हजारो यादृच्छिक स्ट्रिंग तयार करून दोघांना द्या आणि उत्तरे ताडून पाहा. मात्र ताडताना करारापेक्षा जास्त काही मागू नका. स्ट्रकंप ऋण, शून्य किंवा धन यांपैकी काय देते एवढेच करारात आहे, नेमकी संख्या नाही, म्हणून −१ आणि −३२ ही दोन्ही उत्तरे सारखीच बरोबर आहेत. ॲड्रेस सॅनिटायझर चालू ठेवून कंपाइल करा आणि मॅलॉकने नेमकी मागितलेल्या लांबीचीच जागा घेऊन चाचण्या चालवा, म्हणजे एका बाइटाची घुसखोरीही लगेच पकडली जाईल. ही सवय चैनीची नाही. १९८८ च्या नोव्हेंबरमध्ये इंटरनेटवर पसरलेल्या मॉरिस वर्मने ज्या वाटांनी प्रवेश केला त्यांतली एक होती एक ओळ वाचून घेणारे गेट्स हे फंक्शन. फिंगर नावाच्या सेवेने ५१२ बाइटांची जागा ठेवली होती आणि गेट्सला ती जागा किती आहे हे सांगण्याची सोयच नव्हती. ते फंक्शन शेवटी २०११ च्या प्रमाणातून काढून टाकले गेले. टर्बो सीवर तुम्ही नाव-पत्ता त्यानेच वाचून घेतला असेल, बहुतेकांनी घेतला आहे.

मॅलॉक लिहावे का? हो, पण स्ट्रटोल झाल्यावर, आणि ऑपरेटिंग सिस्टीमकडे जागा न मागता. ६४ किलोबाइटांचा एक स्थिर ॲरे घ्या आणि त्यातूनच जागा वाटा. जागा मोकळी करणाऱ्या फ्रीला पत्ता मिळतो पण लांबी मिळत नाही, मग किती जागा मोकळी करायची हे त्याला कसे कळते, असा प्रश्न तुम्हाला पडेल, आणि दिलेल्या पत्त्याच्या किंचित आधी आपणच नोंद ठेवली पाहिजे हे उत्तर तुमचे तुम्हाला सापडेल. दिलेला पत्ता १६ च्या पटीत ठेवणे, मोकळे झालेले शेजारी तुकडे जोडणे, हे त्यापुढचे काम. कॅलॉक लिहिताना गुणाकार तपासा. ३२ बिटी यंत्रावर प्रत्येकी ६५५३७ बाइटांच्या ६५५३६ वस्तू मागितल्या तर गुणाकार मावत नाही आणि उरतात फक्त ६५५३६ बाइट. म्हणजे मागितले चार गिगाबाइट, हाती आले ६४ किलोबाइट, आणि बोलावणारा मात्र सगळे मिळाले असे समजून लिहीत सुटतो.

प्रिंटएफ लिहाच, पण पूर्णांक, स्ट्रिंग, एकच अक्षर आणि टक्क्याचे चिन्ह यांपुरते. बदलत्या संख्येने येणारे आर्ग्युमेंट कसे वाचायचे, आणि कॅर तिथे पोहोचेपर्यंत इंट का होतो, हे त्यात कळते. दशांश अपूर्णांकांच्या वाट्याला जाऊ नका. यंत्रात साठवलेला ०.१ नेमका लिहायचा तर दशांश चिन्हानंतर ५५ अंक लागतात, आणि त्यांतले किती छापायचे हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे, सुट्टीचा नव्हे.

बायोडेटात 'सीची २२ फंक्शन्स लिहिली' असे लिहू नका, मुलाखत घेणारा तुमच्या मामेभावासारखाच हसेल. 'स्टँडर्ड लायब्ररीच्या एका भागाची चाचण्यांसह पुनर्रचना' अशी एक ओळ घाला आणि कोड दाखवता येईल असा ठेवा. विचारले तर २२ फंक्शन्सची यादी वाचू नका. तुमच्या स्ट्रकंपने 'अ' कुठे लावला होता आणि का, एवढे सांगा.

तूर्त एक काम लगेच करा. तुम्ही जोडलेल्या स्ट्रएनकंपमध्ये मर्यादा शून्य असतानाही पहिला बाइट वाचला जातो. करारानुसार तिथे एकही बाइट न पाहता उत्तर शून्य यायला हवे. चूक लूपच्या पहिल्या अटीत आहे, तपासण्यांचा क्रम बदलला की ती जाईल.